पात्र, अपात्र आणि शोक

पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांविषयी गेल्या दोन दशकांत जे विपुल लेखन झाले, ते बहुतांशी मृत्यूच्या घटनेपाशी येऊन थांबते. नापिकी, कर्ज, बाजारभाव आणि सिंचनाचा अभाव यांची कारणमालिका मांडली जाते, आकडे दिले जातात, आणि ज्या घरात तो मृत्यू घडला त्या घराचे पुढे काय झाले हा प्रश्न मागे राहून जातो. हा राहून गेलेला प्रश्नच ज्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय आहे असा एक छोटा वर्ग समाजकार्य या ज्ञानशाखेत आहे. मानसिक आघात, म्हणजे अचानक कोसळलेल्या भीषण घटनेमुळे माणसाच्या सुरक्षिततेच्या जाणिवेलाच बसणारा धक्का, आणि शोक, म्हणजे जवळचे माणूस गेल्यानंतर मनाला, शरीराला आणि नात्यांना नव्याने जुळवून घ्यावे लागते तो दीर्घ काळ, या दोहोंचा अभ्यास करणारे हे अध्यापक वर्गात शिकवतात, विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी खेड्यात पाठवतात आणि त्यांच्या मागोमाग स्वतःही तेथे जातात. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्याच्या संदर्भात या कामाकडे जवळून पाहिले असता ते मानसोपचाराच्या पाठ्यपुस्तकातील वर्णनाशी फारसे जुळत नाही, कारण येथे शोकाची पहिली गाठ पडते ती तलाठ्याच्या दप्तराशी.

पैनगंगेच्या काठचे मेहकर बाहेरच्यांना शारंगधर बालाजीच्या मंदिरामुळे ठाऊक असते. तालुक्यातील शेतकऱ्याला मात्र ते तहसील, बँक आणि बाजार समिती यांचे गाव म्हणून ठाऊक असते. पेनटाकळी आणि कोराडी या प्रकल्पांचे पाणी ज्यांच्या शेतापर्यंत पोचत नाही त्यांची शेती पावसाच्या भरवशावर चालते, आणि कपाशीची बरीच जागा सोयाबीनने घेतल्यापासून वर्षाचा सगळा हिशेब शंभर-सव्वाशे दिवसांच्या एका पिकावर येऊन ठेपलेला असतो. दसऱ्याच्या सुमारास सोंगणी होते, मळणीयंत्र फिरते आणि घराघरांमागे कुटाराचे ढीग लागतात. त्यावर परतीचा पाऊस पडला की ओलसर, आंबूस, कुजक्या शेंगांचा वास अंगणभर भरून राहतो. शोकग्रस्त घराच्या भेटीचे वर्णन करताना या वासाचा उल्लेख अप्रस्तुत वाटू शकेल, परंतु त्या घरातील बाईच्या दृष्टीने तो वास म्हणजे अजून निस्तरायचे राहिलेले काम असते, आणि नवरा गेल्याला महिना झालेला असो वा वर्ष, ते काम आता तिच्याच वाट्याला आलेले असते.

भेटीची रीत ठरलेली आहे: आशा स्वयंसेविकेकडून घराची माहिती घेणे, घरातील वडीलधाऱ्यांची परवानगी मागणे, ओटीवर किंवा उंबऱ्याशी बसणे आणि पहिल्या भेटीत वही न काढणे. या रीतीपेक्षा अधिक बोलके असते ते भेटीच्या वेळी आजूबाजूला जमणाऱ्यांचे वागणे. तेरवीपर्यंत घर नातेवाइकांनी भरलेले असते, भेटायला येणाऱ्यांचा ओघ चालू असतो, माहेरची माणसे दुखवट्याचे कपडे घेऊन येतात, आणि शोक व्यक्त करण्यासाठी समाजाने घालून दिलेली चौकट आपले काम करते. तेरवी उलटली की ती चौकट संपते आणि दुसरी सुरू होते. यानंतर येणारा माणूस ‘कसं झालं?’ असे विचारत नाही, तो ‘केस पात्र झाली का?’ असे विचारतो, किंवा अधिक थेटपणे ‘लाख भेटले का?’ असे विचारतो. या प्रश्नात कुत्सितपणा असतोच असे नाही, पुष्कळदा त्यात खरी काळजी असते, पण ज्या बाईला तो विचारला जातो तिच्या नवऱ्याचा मृत्यू त्या क्षणी एक प्रकरण होऊन जातो.

हे लाख म्हणजे काय ते नेमके समजून घेणे आवश्यक आहे. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या वारसांना एक लाख रुपयांची मदत मिळते. त्यांपैकी ३० हजार रुपये तातडीने दिले जातात आणि ७० हजार रुपये पोस्टात किंवा बँकेत ठेव म्हणून ठेवले जातात. ही मदत सरसकट नसते. मृत्यू नापिकीमुळे, बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकार यांच्या कर्जाची परतफेड न झाल्यामुळे किंवा त्या परतफेडीच्या तगाद्यामुळे झाला आहे हे सिद्ध व्हावे लागते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवते. ज्याने दुसऱ्याची जमीन बटईने किंवा ठोक्याने केली, ज्याच्या किंवा ज्याच्या कुटुंबीयांच्या नावावर सातबारा नाही, ज्याचे कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचे किंवा नात्यातल्या माणसाचे होते, त्याचे दारिद्र्य कितीही खरे असले तरी ते कागदावर उमटत नाही. दरम्यान पोलिसांकडे मर्ग दाखल झालेला असतो, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल यायचा असतो, बँकेकडून थकबाकीचा दाखला आणायचा असतो. ७० हजारांच्या ठेवीवर वर्षाला सात ते आठ टक्के व्याज धरले तर महिन्याला हाती येणारी रक्कम पाचशे रुपयांच्या आतच राहते. २००६ साली ठरलेली एक लाखाची रक्कम पुढची दीड दशकाहून अधिक वर्षे तशीच राहिली, त्या काळात बियाणे, खत आणि मजुरी यांचे दर काय झाले हे कोणाही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

आत्महत्येनंतरचा शोक मुळातच अन्य मृत्यूंनंतरच्या शोकाहून अधिक गुंतागुंतीचा असतो, कारण त्यात ‘का?’ हा प्रश्न मध्यभागी असतो आणि त्याचे उत्तर देऊ शकणारा एकमेव माणूस गेलेला असतो. मागे राहिलेली पत्नी, आई किंवा मुलगा या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या वागण्यात शोधतात. त्या दिवशी भांडण झाले नसते तर, माहेरी गेले नसते तर, पैसे मागितले नसते तर, अशी ही न संपणारी साखळी असते, आणि सासरची माणसे तीच साखळी पुष्कळदा आरोपाच्या रूपाने तिच्यासमोर धरतात. समुपदेशकाचे काम ही साखळी सैल करण्याचे, म्हणजे एका मृत्यूमागे अनेक कारणे असतात आणि त्यांपैकी कोणतेही एक पुरेसे नसते हे हळूहळू मान्य होऊ देण्याचे असते. समितीला मात्र एकच आणि ठरावीक कारण हवे असते. एकाच घरात, एकाच महिन्यात, एक व्यवस्था बाईला कारण सोडून द्यायला शिकवू पाहते आणि दुसरी तिच्याकडून कारणाचा पुरावा मागते. या पेचाची जाणीव नसलेला समुपदेशक कितीही प्रशिक्षित असला तरी तो तिच्या फारसा उपयोगी पडत नाही.

या पेचाचा माग समाजकार्य शिक्षणाच्या महाराष्ट्रातील इतिहासात सापडतो. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने सुरू झालेली समाजकार्याची पदव्युत्तर शाळा पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली आणि या संस्थेच्या तुळजापूर येथील ग्रामीण परिसरातील चमूने अजय दांडेकर आणि सहकाऱ्यांच्या नावे मार्च २००५ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या कारणांविषयीचा अहवाल मुंबई उच्च न्यायालयास सादर केला. पुढील वर्षी, जुलै २००६ मध्ये, केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत योजना जाहीर केली, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि वर्धा यांच्यासह बुलढाण्याचाही समावेश होता. न्यायालय, अहवाल आणि योजना या साखळीत मृत शेतकरी केंद्रस्थानी आला, हे आवश्यकच होते; त्याची पत्नी मात्र वारस या एका शब्दापुरतीच शासकीय भाषेत शिल्लक राहिली.

अध्यापकाचे खरे काम कोठे घडते हे पाहायचे तर भेटीपेक्षा भेटीनंतरची वही अधिक उपयोगी पडते. समाजकार्याच्या प्रशिक्षणात विद्यार्थ्याने प्रत्येक भेटीची सविस्तर नोंद लिहावी, कोण काय बोलले, कोण कोठे बसले, स्वतःच्या मनात त्या वेळी काय आले हेही लिहावे, आणि मार्गदर्शकाने ती तपासावी अशी जुनी पद्धत आहे. या नोंदींत एक वाक्य हटकून आढळते: ‘त्यांना धीर दिला.’ जाणता अध्यापक नेमक्या याच वाक्याखाली रेघ ओढतो आणि समासात विचारतो की धीर दिला म्हणजे काय केले, कोणते शब्द वापरले, त्या शब्दांनंतर बाईने मान हलवली की पदर सारखा केला की उठून चुलीकडे गेली, आणि ती उठून गेली असेल तर तिला ते शब्द नको होते असे तर नव्हे. विद्यार्थ्याला ही चिकित्सा त्रासदायक वाटते, कारण धीर देणे हे त्याने पुण्यकर्म म्हणून धरलेले असते. परंतु त्या रेघेमुळेच त्याच्या लक्षात येते की ‘धीर दिला’ या दोन शब्दांत त्याने स्वतःची अस्वस्थता झाकली होती. बाईचे रडणे थांबावे असे तिला वाटत नव्हते, ते त्याला वाटत होते. शोकाच्या अभ्यासात जे शिकवता येते त्यातील फार मोठा भाग या एका रेघेत येतो, आणि ज्या ठिकाणी अध्यापक ती ओढण्याइतका वेळ काढत नाहीत तेथे क्षेत्रकार्य ही केवळ हजेरीची बाब होऊन बसते.

या विषयाचा शास्त्रीय पाया पाश्चात्त्य देशांत घातला गेला. १९४२ साली बॉस्टनमधील कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला लागलेल्या आगीत ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांच्या आप्तांचा अभ्यास करून एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञाने १९४४ साली तीव्र शोकाच्या लक्षणांचे वर्णन केले. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या १९६९ सालच्या पुस्तकातील पाच अवस्था तर सर्वतोमुखी झाल्या, परंतु त्या मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादांतून आलेल्या होत्या, मागे राहणाऱ्यांच्या शोकाचे वेळापत्रक म्हणून मांडलेल्या नव्हत्या. तरीही प्रशिक्षणवर्गांत त्या अजून पायऱ्यांप्रमाणे पाठ करून घेतल्या जातात, ही खेदाची गोष्ट आहे. मेहकरसारख्या तालुक्यासाठी याहून अधिक मोलाचे काम फिलिस सिल्व्हरमन या समाजकार्याच्या अभ्यासिकेचे आहे. हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयाशी संलग्न राहून १९६० च्या दशकात त्यांनी बॉस्टनमध्ये विधवांना काय हवे असते याचा शोध घेतला, तेव्हा त्यांना असे दिसले की डॉक्टर, धर्मगुरू आणि सल्लागार यांच्यापेक्षा त्याच वाटेने आधी गेलेली दुसरी विधवा अधिक उपयोगी पडते. त्यातून उभ्या राहिलेल्या उपक्रमात स्वतः वैधव्य अनुभवलेली स्त्री नव्याने विधवा झालेल्या स्त्रीकडे जात असे. ती रुग्णाकडे जाणारी तज्ज्ञ नसे, शेजारीण असे. १९९६ साली डेनिस क्लास आणि स्टीव्हन निकमन यांच्यासह संपादित केलेल्या ग्रंथात सिल्व्हरमन यांनी आणखी एक मूलभूत मुद्दा मांडला: मृताशी असलेले नाते तोडून टाकणे हे शोकाचे उद्दिष्ट नसते, ते नाते बदललेल्या रूपात चालू राहते आणि तसे ते चालू राहणे निरोगी असू शकते.

ज्या समाजात पितृपक्षात मृताच्या नावाने पान वाढले जाते, त्याला हा सिद्धान्त नवा वाटणार नाही. विदर्भातील विधवेच्या बाबतीत मात्र हे चालू राहणारे नाते विचित्र रूप घेते, कारण नवऱ्याचे नाव सातबाऱ्यावर, बँकेच्या खात्यावर आणि कर्जाच्या नोंदीतही चालूच राहते. वारसाचा फेरफार मंजूर होईपर्यंत ती ज्या जमिनीत राबते ती कागदोपत्री मृत माणसाची असते. महिला किसान अधिकार मंच या संघटनेने विदर्भ आणि मराठवाड्यातील ११ जिल्ह्यांत, शेतकरी आत्महत्येमुळे विधवा झालेल्या ५०५ स्त्रियांचा जो अभ्यास २०१८ साली केला, त्यात सुमारे ४० टक्के स्त्रियांना नवरा कसत असलेल्या जमिनीवरील हक्क मिळालेला नव्हता. हा आकडा महसूल खात्याचा विषय म्हणून वाचला जातो. तो शोकाचा विषय म्हणूनही वाचला गेला पाहिजे. ज्या बाईला उद्या आपण या घरात राहू की नाही याची खात्री नाही, तिला रडण्यासाठीसुद्धा हक्काची जागा उरत नाही.

केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘मान्यता न मिळालेला शोक’ अशी संकल्पना मांडली. ज्या शोकाला समाज शोक म्हणून स्वीकारत नाही, ज्यासाठी विधी नसतो, रजा नसते, सांत्वन नसते, तो शोक आतल्या आत अधिक खोल जातो असा तिचा आशय आहे. शेतकरी आत्महत्येच्या बाबतीत ही मान्यता शासकीय शिक्क्याशी जोडली गेली आहे. प्रकरण अपात्र ठरते तेव्हा घराला केवळ ३० हजार आणि ७० हजार यांना मुकावे लागत नाही. तुमचा माणूस आम्ही म्हणतो त्या कारणाने गेला नाही, असे शासनाने लेखी कळवलेले असते, आणि गाव त्यातून आपापले अर्थ काढते.

याच जिल्ह्यातील एका वेगळ्या आपत्तीशी तुलना केली असता हा फरक अधिक स्पष्ट होतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर मेहकरचा टप्पा ओलांडून सिंदखेड राजा तालुक्यातील पिंपळखुटा शिवारात आली असता उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. मृतदेह ओळखण्यापलीकडे जळालेले असल्यामुळे बहुतेकांवर दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. ज्या मृत्यूत देह हाती येत नाही किंवा तो आपल्याच माणसाचा आहे याची खात्री पटत नाही, त्या स्थितीला पॉलीन बॉस या अभ्यासिकेने ‘अनिश्चित वियोग’ असे संबोधले आहे, आणि आघाताच्या दृष्टीने ती अतिशय कठीण अवस्था मानली जाते. राज्य शासनाने मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले, तेही अपघाताच्याच दिवशी. ती मदत योग्यच होती आणि तिच्याविषयी कोणाचाही आक्षेप असू नये. परंतु तेथे मृत व्यक्ती कोणत्या कारणाने प्रवास करत होती, तिच्या नावावर काय होते, तिचे कर्ज कोणाकडे होते, असे एकाही कुटुंबाला सिद्ध करावे लागले नाही. आपत्तीत आप्त गमावणे एवढीच पात्रता पुरेशी ठरली. त्याच जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या विधवेला मात्र एका लाखासाठी समितीच्या बैठकीची वाट पाहावी लागते.

शासनाने मानसिक आरोग्याच्या बाजूने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५ पासून आत्महत्याप्रवण १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प राबवण्यात आला, त्यात आशा स्वयंसेविकांनी घरोघरी जाऊन तणावाची लक्षणे शोधणे आणि गरजूंना समुपदेशन व उपचारांपर्यंत नेणे अपेक्षित आहे. १०४ ही आरोग्य मदतवाहिनी त्याला जोडलेली आहे आणि २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांकही उपलब्ध आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पाने प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांच्या आधारे जे काम केले, त्यात नैराश्यग्रस्त व्यक्तींपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गावातीलच माणूस गावातील माणसाशी बोलू लागला तर दार उघडते, याचा हा भक्कम पुरावा आहे. तथापि लक्षणे शोधणारी प्रश्नावली शोकाच्या घरात जपूनच वापरावी लागते. नैराश्य मापण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांत थकवा जाणवला का, झोप बिघडली का असे विचारलेले असते. सोंगणीच्या दिवसांत पहाटे उठून स्वतःच्या आणि मग दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या बाईने त्याला होकार दिला, तर तो आजार, शोक की केवळ श्रम हे कागदावरून कळत नाही. ते कळण्यासाठी दुसऱ्यांदा जावे लागते, तिसऱ्यांदा जावे लागते, आणि एका कार्यकर्तीकडे इतकी घरे सोपवलेली असतात की तिला पहिल्यांदा जाणेच कसेबसे जमते.

सिल्व्हरमन यांच्या विचाराला जवळची ठरेल अशी वाट महाराष्ट्रात एकल महिलांच्या संघटनांनी शोधली आहे. आधी विधवा झालेली स्त्री नव्याने विधवा झालेल्या स्त्रीबरोबर तहसीलला जाते, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरताना शेजारी बसते, कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार रुपये मिळू शकतात हे सांगते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांना अपमानित करणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने तो इतर ग्रामपंचायतींसमोर आदर्श म्हणून ठेवला, हीसुद्धा शोकाला सन्मानाची जागा देणारी घटना आहे. बांगड्या फोडल्या न जाणे आणि फेरफार वेळेत होणे यांत वरवर काही संबंध दिसत नाही, पण दोन्हींमुळे बाईच्या मनावर तोच परिणाम होतो: नवरा गेला तरी आपण माणूस म्हणून आणि शेतकरी म्हणून शिल्लक आहोत, हे तिला दुसऱ्या कोणाकडून तरी ऐकायला मिळते.

या सर्वाचा समाजकार्याच्या अध्यापनावर होणारा परिणाम अद्याप अपुरा आहे. आघात आणि शोक हा विषय अभ्यासक्रमात प्रामुख्याने मानसिक आरोग्याच्या अंगाने शिकवला जातो, तर वारसाहक्क, फेरफार आणि पीककर्ज हे ग्रामीण विकासाच्या किंवा कायद्याच्या तासाला येतात, आणि विद्यार्थ्याने त्यांची सांगड खेड्यात गेल्यावर स्वतःच घालावी अशी अपेक्षा असते. मेहकर तालुक्यात ही सांगड घालण्याचा हंगामही ठरलेला आहे. खरिपासाठी पीककर्जाचे वाटप सुरू होते तेव्हा सातबाऱ्यावर मृत नवऱ्याचेच नाव असेल आणि त्याचे जुने कर्ज थकीत असेल, तर बाईला नवे कर्ज मिळत नाही, आणि पेरणी करायची तर पुन्हा त्याच विनापरवाना सावकाराच्या दारात जावे लागते. म्हणून अनुभवी अध्यापक पुनर्भेटीचे वेळापत्रक वर्षश्राद्धाच्या तिथीवरून आखत नाहीत. मृत्यू कोणत्याही महिन्यात झालेला असो, एक भेट एप्रिलच्या अखेरीस ठेवलीच जाते, आणि त्या भेटीला जाणाऱ्या विद्यार्थ्याने त्या घराचा फेरफार कोठे अडला आहे याची चौकशी तलाठी कार्यालयात आधी केलेली असावी, असा त्यांचा आग्रह असतो.